टेकडीवरचं पाणी

जेवणं निम्म्यावर आली तेव्हा थोरल्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि आईच्या ताटाशेजारी ठेवला.

आज सगळे जमले होते ते त्याच्याच कौतुकाला. बावीस वर्षं परक्या कंपनीच्या पंपघरात फिटर म्हणून राबलेला हा माणूस परवापासून शहराच्या जलखात्याचा प्रमुख झाला होता. देश स्वतंत्र होऊन आठ महिने झाले होते. कंपनीचे साहेब जाताना वाहिन्यांचे नकाशेसुद्धा घेऊन गेले. तेव्हापासून थोरला नुसत्या आठवणीवर पंप चालवत होता. त्याच्या अभिनंदनासाठी धाकटा भाऊ आला होता. नर्स असलेली बहीण टेकडीवरच्या इस्पितळातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे थोरलीनं, तर पुढच्या खोल्यांमधली आपली लाँड्री चक्क तासभर बंद ठेवली होती, आणि ती बंद ठेवते म्हणजे प्रसंग खरोखरच मोठा.

"काय आहे हे?" आईनं विचारलं. "माझा चष्मा आत आहे."

"हुकूम आहे. मुख्य वाहिनीला परवानगीशिवाय जोडलेले सगळे नळ बंद करायचे. खाली सही माझी आहे."

"बरं मग?"

"सुरुवात आपल्या गल्लीपासून." त्यानं घास गिळला. "आपल्या घरापासून."

धाकट्याच्या हातातला पेला मेजावर जरा जोरातच टेकला.

त्या नळाची गोष्ट शहरात कुणाला ठाऊक नव्हती? नदीकाठच्या पंपघरातून निघालेली वाहिनी या गल्लीच्या पोटातून टेकडीवरच्या टाकीत जायची. टेकडीवर साहेबांचे बंगले होते. पायाखालून रात्रंदिवस पाणी वाहायचं आणि गल्लीत एक नळ नव्हता. बायका नदीवरून कळशा आणायच्या. अकरा वर्षांपूर्वी आईनं वारलेल्या नवऱ्याच्या हत्यारपेटीतून हातड्रिल काढलं, अंगणातली फरशी उखडली आणि वाहिनीला भोक पाडलं. पाठोपाठ आणखी तीस घरांनी तेच केलं. शिपाई आले तेव्हा एकोणीस वर्षांचा धाकटा पुढे झाला, "मी पाडलं" म्हणाला आणि अडीच वर्षं तुरुंगात काढून आला. आता शाळेतली पोरं रांगेनं तो नळ बघायला यायची.

"दादा, तू शुद्धीवर आहेस ना?" धाकटा म्हणाला. "कंपनीला जो नळ तोडता आला नाही तो तू तोडणार? कंपनी गेली, पण तिचा फिटर मागे राहिला म्हणायचा!"

"त्या फिटरच्याच पगारावर तू आत असताना इथली चूल पेटत होती."

"भांडणं हात धुतल्यावर करा," थोरली म्हणाली. "चार तास उभी होते मी या स्वयंपाकासाठी."

"वर आता साहेब राहत नाहीत," थोरला भाताकडे बघत म्हणाला. "इस्पितळ आहे. आणि तिथल्या टाकीत तीन महिन्यांत वीतभरसुद्धा पाणी चढलेलं नाही."

नर्स धाकट्याकडे वळली. "बंगल्यांचं इस्पितळ करा हा ठराव नगरसभेत कुणी मांडला रे? मूठ आपटून?"

"मीच मांडला, ताई."

"मग मुठीबरोबर एखादी बादलीही पाठवायचीस."

आई हसली नाही. "एकतीस नळांनी काय नदी आटते होय?"

"नदी आटत नाही, आई. जोर आटतो. चढावर पाणी जोरानंच चढतं. एका भोकानं काही बिघडत नव्हतं. एकतीस भोकं, आणि आठ महिन्यांत प्रत्येक भोकाला फुटलेले फाटे. आपलं राज्य आलं म्हणून ज्याला त्याला अंगणात हौद हवा झालाय."

"आणि माझं काय?" थोरलीनं हातातला डाव खाली ठेवला. "सहा हौद आहेत माझे. चार बायका पोट भरतात त्यावर. गल्लीला रीतसर नळ कधी देणार तुमचं खातं?"

"नवे पाइप यायला तीन महिने. तोवर कोपऱ्यावर सार्वजनिक नळ, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास."

"म्हणजे मी दुकानाला कुलूप घालू. भाऊजी, मी तुमच्या बाजूनं बरं का."

"वहिनी," नर्स हळूच म्हणाली, "इस्पितळाच्या चादरी तुझ्याकडे धुवायला का येतात?"

"का म्हणजे? माझं काम चोख असतं म्हणून."

"काम चोखच आहे. पण तिथे धुलाईची खोली आहे, साहेबांनी बांधलेली. चार मोठे हौद. त्यांत आता पाली फिरतात. वर जाणारं पाणी तुझ्या नळानं इथेच ओढलं जातं, म्हणून चादरी पाण्यामागे खाली येतात."

थोरलीचा चेहरा एकदम उतरला. पुढच्या खोलीत आज सकाळीच आलेलं पांढरं गाठोडं पडलं होतं, बिछान्यांचे आकडे टाकलेलं. इस्पितळाचं काम मिळालं म्हणून तिनं माहेरी कौतुकानं पत्र लिहिलं होतं. त्या पत्रातला शब्दन् शब्द तिला आता आठवायला लागला, आणि नणंदेचा राग यायच्या ऐवजी स्वतःचाच येऊ लागला. ती ताटं गोळा करू लागली. अजून कुणाचं जेवण संपलं नव्हतं, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

आई उठली. "हे घर माझं. अंगण माझं. त्या नळाला हात लावायचा असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागेल." आणि तिनं स्टूल उचललं, अंगणात नेऊन नळाशेजारी मांडलं आणि त्यावर बसली.

"ताई जरा वाढवूनच सांगते," धाकटा पुटपुटला.

"हो? मग चल. आत्ताच्या आत्ता. माझी रजा गेली तर गेली."

टेकडीचा रस्ता वळणावळणाचा होता. त्या रस्त्यावरून बादल्या चढत होत्या. एकेका बादलीमागे एकेक माणूस: कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाची शाळेच्या गणवेशातली मुलगी. पायथ्याच्या विहिरीवरून भरायचं आणि वर न्यायचं. धाकट्याला वाटलं, दहा-बारा जण असतील. दुसऱ्या वळणावर त्यानं मोजणं सोडून दिलं.

इस्पितळात शिरताना त्याला उद्घाटनाचं स्वतःचं भाषण आठवत होतं. टाळ्या बऱ्याच पडल्या होत्या. साहेबांच्या नाचघरात आता वीस खाटा होत्या, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एका बाकावर डॉक्टरीणबाई बाह्या कोपरावर सारून नुसत्या बसल्या होत्या.

"थकलात का, डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"नाही हो. हात धुवायचे आहेत. होतं तेवढं पाणी हत्यारं उकळायला गेलं. आत एक गवंडी आहे, भिंत पडून पाय चिरडलाय. पाणी आलं की सुरू करते. तासाभरात सुरू झालं तर पाय वाचेल."

त्यानं दारात पडलेल्या दोन बादल्या उचलल्या. नगरसभेचा सभासद, अंगात इस्त्रीचा कोट, टेकडी उतरला आणि भरल्या बादल्या घेऊन चढला. पहिल्या खेपेला कोट काढला. दुसऱ्या खेपेला त्याच्या जोडीनं एक बाई चढत होती. ती त्या गवंड्याची बायको निघाली. तिनं त्याला ओळखलं.

"तुम्ही त्या नळवाल्या आईंचे चिरंजीव ना? त्यांनी तेव्हा वाहिनी फोडली म्हणून तर आज हे इस्पितळ आपलं झालं. मुलांना सांगते मी ती गोष्ट."

तुरुंगात दिवसाला दोन मग पाणी मिळायचं, आणि प्रत्येक मगाला शिव्या घालायला कंपनी होती. आता शिव्या कुणाला घालायच्या? ही बाई पाण्यासाठी धापा टाकत होती आणि जाताजाता त्याचे आभार मानत होती. त्या क्षणी कुणी त्याच्या तोंडात मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई आत गेल्या. दार लागलं. नर्सनं भावाच्या खांद्यावरून ओघळणारं पाणी पुसलं नाही की त्याला काही ऐकवलंही नाही. "कोट विसरू नकोस," एवढंच म्हणाली.

तो घरी आला तेव्हा अंगणात आणि कुंपणाबाहेर अर्धी गल्ली गोळा झाली होती. थोरला हातात पाने-पकडी घेऊन उभा होता. त्यानं तीनला पंप थांबवला होता, पण आईला उचलून बाजूला ठेवायची हिंमत काही होत नव्हती. बेकरीवाल्याला मात्र कंठ फुटला होता. "स्वातंत्र्य आलं ते काय नळ तोडायला आलं?" तो विचारत होता. "साहेबाच्या राज्यात पाणी होतं, आणि आपल्या राज्यात रांग?"

धाकट्यानं गर्दीतून वाट काढली आणि थोरल्याच्या हातातला मोठा पाना काढून घेतला.

"शाब्बास!" बेकरीवाला ओरडला. "बघा, खरा वाघ आला!"

"आई, ऊठ," धाकटा म्हणाला. "मी बंद करतो."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. दुपारपासून ती याच्याच भरवशावर होती. थोरला कर्तव्याचा, सून व्यवहाराची, मुलगी इस्पितळाची, पण हा आपला, असं तिनं धरलं होतं. नळ गेला की पोरांची रांग जाणार, मागे उरणार एक गुडघे दुखणारी म्हातारी, हेही तिनं स्टुलावर बसल्याबसल्या स्वतःशी कबूल केलं होतं. पण ते दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"तुझी अडीच वर्षं आहेत रे यात," ती म्हणाली.

"आहेत ना. म्हणूनच दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." त्याचा आवाज कापरा झाला होता, सभेतल्यासारखा गोळीबंद नव्हता. "तेव्हा वर साहेबांच्या बागा होत्या, आई. आपण त्यांच्या फुलांचं पाणी घेतलं आणि चांगलं केलं. आज वर एक गवंडी आहे. त्याच्यासाठी पाणी कुणी आणलं माहितेय? त्याच्या बायकोनं, डोक्यावरून. जशी तू आणायचीस."

बेकरीवाल्यानं वर केलेला हात खाली घेतला.

"पाय वाचेल का त्याचा?" आईनं विचारलं.

"आजच्यापुरतं पाणी पोचलं. उद्याचं मला माहीत नाही."

आईनं गुडघ्यांवर हात टेकले आणि ती उठली. धाकटा फरशीजवळ बसून पाना लावायला लागला, तसं तिनं त्याच्या पाठीत हलकेच चापट मारली.

"हो बाजूला. सांधा तिथे नाही. तुला काय माहीत असणार? मी भोक पाडत होते तेव्हा तू घरात घोरत होतास."

अंगणात हसू फुटलं. धाकटासुद्धा हसला, डोळे पुसत.

"भोक मी पाडलं," आई म्हणाली, "बूच मीच मारणार. थोरल्या, रबर दे."

फरशी निघाली. थोरल्यानं शिशाचा जुना पाइप कापला, रबराचा तुकडा भोकावर धरला आणि त्यावर लोखंडी पट्टा चढवला. आईनं दोन्ही हातांनी पाना फिरवला.

"अजून अर्धा आटा," थोरला म्हणाला.

"फिटरची बायको आहे मी. शिकवू नकोस." तिनं अर्धा आटा आवळला, पट्ट्याच्या कडेनं बोट फिरवून पाहिलं, थेंब नाही. मग ती बेकरीवाल्याकडे वळली. "तुझ्याकडे नळ किती?"

"एक, आई."

"दोन," थोरली दारातून म्हणाली. "मागच्या दाराचा कोण मोजणार?"

"आणि तुमचे सहा हौद, वहिनी? ते कोरडे ठेवणार का?" बेकरीवाल्यालाही बोलता येत होतं.

थोरली पायरी उतरून खाली आली. दुपारभर तिनं एकही कपडा भिजवला नव्हता. चौघींना मागच्या खोलीत बसवून ती त्यांच्याशी बोलली होती, मग पंपघराच्या टेलिफोनवरून इस्पितळाच्या व्यवस्थापकाशी. "माझे हौद उद्यापासून टेकडीवर. धुलाईची खोली आम्ही पाच जणी चालवणार, इस्पितळाच्या चादरी तिथेच धुणार. बोलणं झालंय. पाणी वर जात असेल तर आम्हीही त्याच्यामागे वर जाऊ. तू काय करणार ते सांग. पीठ भिजवायला तुला आठ बादल्या लागतात. रांगेतल्या माझ्या घरच्या दोन बादल्या तुला."

"दोन माझ्या," शिंपीण म्हणाली.

"मी एक देईन, रोज नाही, एक दिवसाआड," गल्लीतल्या सर्वांत कंजूस म्हाताऱ्यानं जाहीर केलं, आणि पुन्हा हशा उसळला. बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. "चला," तो म्हणाला, "आधी मागच्या दाराचा बंद करा. पुढचा माझा मी काढतो."

मग थांबणं नव्हतंच. थोरल्याची माणसं आणि धाकटा घराघरात शिरत होते, आई पुढे. कुठे चहा मिळत होता, कुठे बोलणी. एका घरी नळच सापडेना, तो कपाटामागे निघाला. दिवेलागणीपर्यंत एकोणतीस झाले. दोघांनी दारं लावून घेतली. आई त्यांच्या दाराशी ओरडली नाही. नुसतं पायरीवर बसून "पाठ दुखतेय हो, लवकर उघडा" म्हणाली. पहिलं दार लगेच उघडलं आणि दुसरं ते पाहून.

पंपघरात थोरल्यानं खटका दाबला. मोटार घुमली. दाबाच्या घड्याळावरचा काटा, आठ महिने जो खालच्या आकड्यांतच लोळत होता, तो हलला, थांबला, पुन्हा हलला आणि सावकाश वर निघाला. थोरला वाकून बघत होता. या काट्यासाठी कुणी त्याला हार घातला नव्हता, कुणी पोरांची रांग आणली नव्हती. त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. किमान तो तसं समजत होता. धाकटा येऊन शेजारी उभा राहिला तेव्हा मात्र त्यानं घड्याळाची काच बाहीनं पुसायला घेतली.

"दादा, जेवताना मी जे बोललो..."

"काय बोललास? बावीस वर्षं पंपाशेजारी काढली मी. मला नीट ऐकू येत नाही."

धाकट्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काटा चढत राहिला.

टेकडीवर नर्स गवंड्याचं पांघरूण नीट करत होती. पाय वाचला होता. तेवढ्यात भिंतीतल्या पाइपमध्ये काहीतरी खोकलं. तिला वाटलं, कुणी रोगी असेल. पुन्हा खोकलं. मग शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मोरीवरच्या तोटीतून हवा फुसफुसली, गंजाचं तांबडं पाणी उडालं, दम घेतला, आणि पांढरीशुभ्र धार पडू लागली. डॉक्टरीणबाई पळत आल्या. त्यांनी दोन्ही हात धारेखाली धरले, साबण लावला, कोपरापर्यंत चोळले, धुतले, आणि उगाचच दुसऱ्यांदा धुतले. "तिसऱ्यांदा धुतलेत तर तोटी मी बंद करीन," नर्स म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या.

सकाळी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला गल्लीची रांग लागली. आईला सगळे "तुम्ही पुढे व्हा" म्हणत होते, आणि ती "माझा नंबर अकरावा आहे" म्हणून जागची हलत नव्हती. थोरला वाट्याला आलेल्या एका बादलीत अंगणात अंघोळ उरकत होता. थोरली आणि तिच्या चौघी गाठोडी घेऊन टेकडीकडे निघाल्या होत्या. त्यांतलीच एक थांबली आणि वर बोट दाखवून ओरडली.

टेकडीच्या कड्यावरून चांदीसारखी रेघ खाली येत होती. उन्हात लखलखत, खडकांवर उडत. टाकी काठोकाठ भरून ओसंडली होती. साहेबांच्या काळात कधी तरी दिसलेलं ते दृश्य मुलांनी तर पाहिलंच नव्हतं. रांग मोडली. कुणी टोप्या उडवल्या, बेकरीवाल्यानं पावाचे पत्रे बडवायला सुरुवात केली, शिंपीण कंजूस म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरून नाचायला लागली. धाकटा गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी घोषणा देत होता. ती कुणालाच ऐकू येत नव्हती, आणि तरी सगळे तिला साथ देत होते.

"अरे नाचताय काय!" आईचा आवाज त्या सगळ्यावर चढला. "पंप चालूच आहे! पाणी वाया चाललंय आपलं!"

क्षणभर कुणालाच उमजेना. आठ महिन्यांत टाकी भरली नव्हती, त्यामुळे ती भरल्यावर पंप थांबवायचा असतो हेच पंपघरातली माणसं विसरून गेली होती. मग थोरला अंगणातून तसाच पळत सुटला, तोंडाला साबण, खांद्यावर पंचा. त्याच्यामागे नगरसभेचा सभासद, त्याच्यामागे पत्रे हातात घेऊन बेकरीवाला, आणि त्यांच्यामागे "थांबवा रे, थांबवा!" असं ओरडत, हसत, पंपघराकडे धावणारी सगळीच्या सगळी गल्ली.